खाली न उतरणारी गिधाडं

नाकोबाला वास येत नाही, ही गोष्ट खात्यात कुणालाच ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर त्याला दुसऱ्याच दिवशी घरी बसवलं असतं, कारण तो पगार घेत होता तो नाकाचाच. सिलिंडरात भरतात त्या गॅसची मोठी पाइपलाइन जमिनीखालून जाते, तिच्या अकरा किलोमीटरच्या तुकड्यावर रोज सकाळी पायी गस्त घालायची, दर पिवळ्या खांबापाशी थांबायचं, खोल श्वास घ्यायचा आणि वहीत लिहायचं, 'वास नाही'. गॅसला मुळात वास नसतो. गळती माणसाला कळावी म्हणून त्यात कारखान्यातच एक कुजकट, घाणेरडा वास मिसळतात. तो पकडायचा, एवढंच याचं काम. गवयाचा आवाज जावा आणि त्यानं मैफली मात्र चालूच ठेवाव्यात, तसला हा प्रकार होता.

नोकरीला लागला तेव्हा त्याचं नाक खरोखरच तिखट होतं. यंत्राच्या काट्याला कळायच्या आधी त्यानं एक बारीक गळती पकडली होती, साहेबांनी पाठ थोपटली होती, आणि तेव्हापासून सगळं खातं त्याला नाकोबा म्हणू लागलं. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी त्याला ताप आला. ताप पाच दिवसांत गेला, पण जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. तो वाट बघत राहिला. साबण हुंगून पाहिला, कांदा कापून पाहिला, रॉकेलच्या डब्यात तोंड घातलं, काही उपयोग झाला नाही.

वर्षातून एकदा खात्याच्या दवाखान्यात नाकाची परीक्षा व्हायची. कंपाउंडर पाच बाटल्या एकामागून एक नाकाखाली धरायचा. हा गृहस्थ असा आळशी, की बाटल्यांचा क्रम त्यानं उभ्या जन्मात बदलला नव्हता. लवंग, साबण, रॉकेल, कापूर, गॅस. नाकोबानं डोळे मिटून, भुवया आक्रसून, शेवटच्या बाटलीला ठसका लागल्याचं सोंग करून ही परीक्षा दोनदा पार पाडली. "नाक असावं तर असं!" कंपाउंडर म्हणाला. बाहेर येऊन नाकोबा नळाखाली बराच वेळ तोंड धूत उभा राहिला. त्याला स्वतःची शरम वाटत होती. पण नोकरी गेली तर आपण कोण, या प्रश्नाची भीती त्याहून मोठी होती.

त्याची म्हणावीत अशी माणसं जगात दोनच होती. मोठी बहीण अक्का, आणि तिचा नवरा, भावोजी. दोघांची बेकरी होती, लाकडावरच्या भट्टीची, वस्तीच्या अगदी शेवटी. मागची भिंत ओलांडली की कोरडा नाला, आणि त्या नाल्याखालून पाइपलाइन. बेकरीवरच्या खोलीत नाकोबा राहायचा, खाली येऊन जेवायचा आणि अक्काची बोलणी खायचा. लग्न त्यानं केलं नव्हतं. अक्का म्हणायची, "याचं नाक एवढं चोखंदळ, की पसंत पडायला बाईसुद्धा हुंगून घेईल!" त्यावर तो हसायचा. तापानंतर त्याला हसायला जरा उशीर व्हायचा, पण ते कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

मग तो गस्त तरी कसा घालायचा? गिधाडांच्या नाकानं.

ही विद्या त्याला शिकवली होती एका म्हाताऱ्या गस्तवाल्यानं, जो पुढे निवृत्त होऊन मुलाकडे निघून गेला. या भागातलं गिधाड लाल डोक्याचं. डोकं आणि मान उघडीबोडकी, सोललेल्या कातडीच्या रंगाची; बाकी अंग काळपट तपकिरी. उडताना पंख सरळ पसरत नाही, थोडे वर उचलून धरतं आणि सारखं या कुशीवरून त्या कुशीवर डोलत राहतं. पंख हलवणं त्याच्या जिवावर येतं. पंखांची खालची कड रुपेरी करडी, टोकांची पिसं बोटांसारखी फाकलेली. चोच पांढरी, आणि नाकपुड्या एवढ्या आरपार, की बाजूनं पाहिलं तर पलीकडचं आभाळ दिसतं. गिधाडांच्या बऱ्याच जाती नजरेवर जगतात, पण हे बेणं वासावर जगतं. झाडीखाली मेलेला उंदीर त्याला वरून कळतो. आणि गॅसमध्ये जो कुजका वास मिसळलेला असतो, तो त्याला मढ्याचाच वाटतो.

"माणसाचं नाक थकतं रे, याचं थकत नाही," म्हातारा सांगायचा. "पण एक ध्यानात ठेव. मढं असेल तर ती घिरट्या घालतील आणि उतरतील. पाइप फुटला असेल तर घिरट्या घालतील, खाली खाली येतील, पण उतरणार नाहीत. खायचं काही नसतंच ना! तेव्हा नुसती गिधाडं पाहून परत फिरायचं नाही. ती काय करतात ते बघत बसायचं."

नाकोबा दोन वर्षं गिधाडं बघत होता. सकाळी ती जुन्या पाण्याच्या टाकीवर ओळीनं बसलेली असायची, पंख पसरून उन्हाकडे पाठ करून, पंधरा-वीस जणं, एक अवाक्षर न काढता. या पक्ष्याला गळाच नाही. फार तर फिस्कारतो नाहीतर घुरघुरतो. उकडलं की स्वतःच्याच पायांवर घाण करून पाय गार करतो. जवळ गेलं तर पोटातलं सगळं ओकतो आणि हलका होऊन उडून जातो. नाकोबाला हे सगळं पाठ झालं होतं. आधी त्यांची किळस यायची, मग सवय झाली, आणि अलीकडे तर टाकीवर ती दिसली नाहीत की त्याला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. गिधाडं जमलेली दिसली की तो तिथं जायचा, झुडपं धुंडाळायचा. मेलेलं काही सापडलं, की हायसं वाटून वहीत लिहायचा, 'मृत जनावर. वास नाही.' बघत बसायचं जे म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, तेवढं मात्र हळूहळू मागे पडलं. अकरा किलोमीटर चालायचं म्हणजे वेळ कुठून आणायचा?

त्या सोमवारी गिधाडं बेकरीमागच्या नाल्यावर जमली.

नाकोबानं वही तिथंच टाकली. तो भिंतीवरून उडी मारून नाल्यात उतरला, आणि पाहतो तर काय, बाभळीच्या झुडपाखाली एक पिवळं कुत्रं मरून पडलेलं. दोन गिधाडं त्याच्यावर उतरलेली होती. एकानं डोळा काढलाही होता. नाकोबाला इतकं बरं वाटलं की तो त्या मेलेल्या कुत्र्याला जवळजवळ नमस्कार करणार होता. वर येऊन त्यानं भावोजींना सांगितलं, "काही नाही, कुत्रं आहे." भावोजींनी संध्याकाळी खड्डा खणून कुत्रं पुरलं, वर चुना टाकला.

मंगळवारी अक्का म्हणाली, "अरे, वास काही गेला नाही."

"दोन दिवस राहणारच," नाकोबा म्हणाला.

बुधवारी शेजारची शिंपीण तक्रार घेऊन आली. तिच्या गिऱ्हाइकांनी नाकाला पदर लावला होता. अक्कानं भावाकडे बोट दाखवलं. "आमचा नाकोबा सांगतो कुत्रं म्हणून. त्याच्यापेक्षा कुणाला जास्त कळतंय?" शिंपिणीला ते पटलं. सगळ्या आळीला पटलं. ज्या माणसाला सरकार वास घ्यायचा पगार देतं, त्यानं सांगितल्यावर आपण कशाला आपलं नाक मध्ये खुपसा? दोन दिवसांत लोकांची नाकं त्या वासाला सरावली आणि कुणी बोलेनासं झालं.

गुरुवारी सकाळी भावोजी स्वतःच म्हणाले, "काय करू या याचं? कणकेला वास लागतोय असं मला वाटायला लागलंय. तू एकदा नीट बघ बाबा."

नाकोबा नाल्याच्या काठावर उभा राहिला. छाती भरून श्वास घेतला. नेहमीसारखंच काहीच आलं नाही. वर सात गिधाडं डोलत होती. भावोजी त्याच्या तोंडाकडे आशेनं पाहत होते. त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. दोघंच होते, कुणी ऐकायला नव्हतं. त्याच्या ओठांवर आलंही होतं.

"कुत्रंच आहे," तो म्हणाला. "खड्डा उथळ झाला असणार. उकरा, रॉकेल ओता आणि जाळून टाका."

"भट्टी लागली की करतो," भावोजी म्हणाले.

नाकोबा गस्तीला निघाला. नाल्यावरच्या चौथ्या पिवळ्या खांबापाशी वही उघडून त्यानं रोजच्यासारखं लिहिलं, सही केली आणि तसंच फोनवरून कंट्रोल रूमला कळवलं.

तिथून दोन किलोमीटरवर लाइन एका टेकाडावरून जाते. तिथं तो पाणी प्यायला बसला आणि सहज मागे वळून पाहिलं. बेकरीचं धुराडं दिसत होतं, मागे नाल्याची राखाडी रेघ, आणि तिच्यावर ती सात. आज बऱ्याच दिवसांनी खात्याची दुर्बीण डोळ्यांना लावून तो त्यांच्याकडे नुसता बघत बसला. ती खाली येत होती, खूपच खाली, भिंतीच्या उंचीपर्यंत. आणि पुन्हा वर. एकही उतरत नव्हतं. आणि घिरट्या बाभळीवर नव्हत्या. खड्डा होता अलीकडे, झुडपापाशी. गिधाडं फिरत होती पलीकडे, चाळीस-पन्नास पावलांवर, जिथं पाइप नाला ओलांडतो तिथं.

मग एक उतरलं. दगडांवर दोन उड्या मारून थांबलं, मान खाली घालून जमिनीला चोच लावली, इकडे तिकडे पाहिलं. खायला काही नव्हतं. बिचारं पुन्हा उडालं.

नाकोबा ताडकन उठला. पुरून चुना टाकलेल्या कुत्र्यावर गिधाडं चार दिवस कशाला येतील? कुत्रं मेलं ते मेलं, ते खरंच मेलं होतं. पण त्याच्यामुळे त्यानं पुढे बघायचंच सोडलं होतं. आणि हा गॅस हवेपेक्षा जड. वर उडून जात नाही, सखल जागी पाण्यासारखा साचतो. चार दिवस नाला भरत होता. आणि भावोजी त्यात काडी घेऊन उतरणार होते, त्याच्याच सांगण्यावरून.

त्यानं बेकरीत फोन लावला. कुणी उचलेना, भट्टी लागली की अक्का फोन उचलत नसे. त्यानं धावता धावता कंट्रोल रूमला लावला.

"चौथ्या खांबावर गळती आहे. लाइन बंद करा!"

"प्रेशर नॉर्मल दाखवतंय," तिकडून सावकाश आवाज आला. "थांबा हं... तुम्हीच तासाभरापूर्वी 'वास नाही' कळवलंय की."

"तेव्हा नव्हता."

"आता आहे? तुम्ही तिथं आहात का?"

"नाही. टेकाडावर आहे."

"मग दोन किलोमीटरवरून वास आला?" पलीकडचा हसला. "नाकोबा, नाक आहे का काय आहे?"

"गिधाडं आहेत हो!" नाकोबा ओरडला. यावर पलीकडे दोघं हसले. बघतो, साहेबांना विचारतो, असं म्हणून फोन बंद झाला.

नाकोबा पंचेचाळीस वर्षांचा होता आणि शाळेनंतर कधी धावला नव्हता. तो दोन किलोमीटर धावला. पायात खिळ्यांचे बूट होते, दगडावर ठिणगी उडेल म्हणून वस्तीपाशी ते काढून फेकले आणि अनवाणी धावला. नाल्याच्या काठावर पोचला तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

खाली, पुरुषभर खोल, भावोजी उभे होते. खड्डा उकरून झाला होता. रॉकेलचा डबा आडवा पडला होता. भावोजींच्या डाव्या हातात काडेपेटी होती, उजव्या हातात काडी. डोक्यावरून एक गिधाड इतक्या खालून गेलं की त्याची सावली त्यांच्या पाठीवरून सरकली.

"भावोजी! काडी ओढू नका! गॅस आहे!"

भावोजींनी वर पाहिलं आणि ते चक्क हसले. "गॅस? अरे, सकाळी तूच तर वास घेऊन गेलास."

"चुकलं माझं! वर या!"

"तुझं नाक आणि चुकेल?" भावोजी म्हणाले. त्यांच्या आवाजात कौतुक होतं. "कळलं मला. उघड्यावर जाळायचं नाही असा तुमच्या खात्याचा नियम असणार, आणि साहेब येतायत. मी नाही सांगत कुणाला. एका काडीचं तर काम आहे." आणि त्यांनी काडी पेटीला लावली.

नाकोबाला कळून चुकलं की आता या माणसाला त्याचा कुठलाही शब्द थांबवणार नाही, कारण त्याच्याच सकाळच्या शब्दावर भावोजींचा ठाम विश्वास बसला होता. तो शब्दच मोडायला हवा होता.

"मला वास येत नाही!" तो किंचाळला. "भावोजी, मला वास येतच नाही! दोन वर्षं झाली! मी खोटं बोललो! मला कसलाच वास येत नाही!"

काडी पेटीवर टेकलेली तशीच राहिली. भावोजी त्याच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. मग त्यांनी पहिल्यांदाच, स्वतःच्या नाकानं, नीट वास घेतला. एकदा, दोनदा. काडी त्यांनी खिशात ठेवली, पेटी दुसऱ्या खिशात ठेवली, आणि भिंतीला धरून, एकेक पाऊल तपासून, आवाज न करता ते वर येऊ लागले. नाकोबानं हात दिला. 

आरडाओरडा आळीभर ऐकू गेला होता. शिंपीण दारात उभी होती, कारागीर पिठाच्या हातांनी बाहेर आले होते. अक्का भिंतीपाशी उभी होती. तिनं भावाकडे एकदा पाहिलं, आत वळली आणि कारागिरांवर ओरडली, "बघताय काय? आधी भट्टीवर वाळू टाका! पाणी नको, वाळू! आणि सगळे पुढच्या रस्त्यावर व्हा!" भट्टी विझली. आळी रिकामी झाली.

अर्ध्या तासानं साहेब जीप घेऊन आले, सोबत यंत्र घेऊन दोन माणसं. यंत्राचा काटा नाल्याच्या तोंडाशीच शेवटाला जाऊन टेकला.  त्यांनी लाइनचा हा तुकडा बंद करवला, मग रस्त्याच्या कडेला बसलेल्या नाकोबापाशी येऊन ते उभे राहिले. नाकोबानं सगळं सांगितलं. ताप, बाटल्या, म्हातारा, गिधाडं. शिव्या खायची त्याची तयारी होती. पण साहेबांनी शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली.

"गेल्या दोन वर्षांत गिधाडं पाहून कुठं कुठं गेलात आणि मेलेलं जनावर पाहून परत फिरलात, तिथं खूण करा."

नाकोबा खुणा करू लागला. पाचवा खांब, महिन्यापूर्वी, शेळीचं करडू. सातवा, घूस. आठवा, पुन्हा कुत्रं.

"पाचव्यापाशी गिधाडं नंतर गेली का?"

"पाहिलं नाही."

"सातव्यापाशी?"

"पाहिलं नाही, साहेब."

नऊ खुणा झाल्या. प्रत्येक खुणेला त्याचं उत्तर तेच होतं, आणि दर वेळी त्याचा आवाज बारीक होत गेला. पाचव्या खांबापासूनच्या पुढच्या तुकड्याचा व्हॉल्व्ह हातानं फिरवून बंद करावा लागणार होता, तिथं माणूस पोचायला तास लागणार होता. यंत्र एकच, तेही नाल्यातून हलवता येत नव्हतं. जीपही त्या यंत्रापायी तिथंच अडकलेली.

"पाचवा खांब जवळच आहे," साहेब म्हणाले. "पण तिथं जाऊन वास कोण घेणार? तुम्ही?"

टोमणाच होता तो, आणि नाकोबानं मान खाली घातली. तेवढ्यात अक्का पुढे झाली. 

"मी घेते," ती म्हणाली. मग भावाकडे वळून म्हणाली, "दोन वर्षं, अं? मूर्खा, मला सांगितलं असतंस तर रोज तुझ्याबरोबर चालले असते मी. माझं नाक काय भाड्यानं दिलं होतं का?"  तिनं पदरानं डोळे पुसले, चपला काढून हातात घेतल्या आणि चालू लागली.

दोघं बहीणभाऊ अनवाणी पाचव्या खांबाकडे निघाले. अकरा वाजत आले होते. खांबालगत बैठ्या घरांची एक रांग होती, मागची दारं लाइनकडे उघडणारी. कुठं भांड्यांचा आवाज येत होता, कुठं बाळ रडत होतं. दुपारच्या जेवणाची तयारी सुरू व्हायची वेळ. छपरांच्या वर, फार उंच नाही, तीन गिधाडं या कुशीवरून त्या कुशीवर डोलत फिरत होती.

"आधीपासून आहेत?" अक्कानं विचारलं.

"असतील. मी वर बघायचं सोडलं होतं."

अक्का खांबापाशी थांबली. डोळे मिटून तिनं श्वास घेतला. नाकोबा गिधाडांकडे पाहत नव्हता, तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. भुवया आक्रसल्या. ओठ घट्ट मिटले. तिनं डोळे उघडले आणि धावत जाऊन पहिल्या घराचं दार दोन्ही हातांनी बडवायला सुरुवात केली.

नाकोबा दुसऱ्या घराकडे पळाला. दार उघडलं ते एका तरुण बाईनं. एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात लायटर.

"शेगडी पेटवू नका, लायटर ठेवा, मुलाला घ्या आणि बाहेर या," तो म्हणाला. "गॅस गळतोय."

बाईनं त्याच्या खात्याच्या शर्टाकडे पाहिलं, नाक वर करून हुंगलं. महिनाभर घाण येत होती, तिला सवय झालेली दिसत होती. "तो वास होय? ते काहीतरी मेलंय ना? तुमचाच माणूस आमच्या ह्यांना सांगून गेला होता. तुम्हाला आला का गॅसचा वास?"

"मला नाही," नाकोबा म्हणाला. "माझ्या बहिणीला आला. बाहेर या."